ज्वालामुखीने बांधले, प्रवाळांनी राखले
मॉरिशस बेटावरील दोन सहली

मुंबईहून दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला झुकून, साडेचार हजार किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले की हिंदी महासागरात मॉरिशस बेट लागते. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी सुमारे ४५. म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याहूनही लहान. इथे येणारा पाहुणा बहुधा किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत पाय पसरून बसतो, निळ्या पाण्यात दोन डुबक्या मारतो आणि छायाचित्रे घेऊन परत जातो. त्यात वाईट काही नाही. पण वाळू पांढरी का, पाणी इतके शांत का, आणि त्या शांत पाण्यातही माणसे का बुडतात, हे त्याला कोणी सांगत नाही. ते पाहण्यासाठी आपण या बेटावर एकेका दिवसाच्या दोन सहली काढू.

मॉरिशसला जाण्याचा योग प्रत्येकाला येईल असे नाही. मात्र यातले बरेचसे प्रयोग कोकणात किंवा घाटावरही करता येतात. कोणते, ते ओघात सांगेन.

बरोबर काय घ्याल? एक साधा तापमापक, एक मीटर लांबीची सरळ काठी, मोजपट्टी, भिंग, होकायंत्र, लहान बाटलीत थोडे व्हिनेगर आणि वही. पायात जाड रबरी तळव्याचे बूट हवेत, पाण्यात उतरतानासुद्धा. कारण पुढे कळेलच.

आधी दगड पहा

विमानतळावरून बाहेर पडलात की दोन्ही बाजूंना उसाची शेते लागतात आणि शेतांमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. काही ढीग तर व्यवस्थित रचलेल्या मनोऱ्यांसारखे असतात. ऊस लावण्यासाठी जमीन साफ करताना माणसांनी हे दगड हातांनी वेचून काढले. ही माणसे कोण होती? १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर म्हणून जहाजांनी आणलेले लोक. त्यांत मुंबई बंदरातून आलेले मराठी लोकही होते. आज त्यांचे वंशज इथले नागरिक आहेत आणि गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

त्यातला एक दगड हातात घ्या. काळा, जड, ठिकठिकाणी बारीक छिद्रे पडलेला. ओळखीचा वाटतो ना? वाटायलाच हवा. हा बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीतला काळा कातळच. लाव्हा थिजत असताना त्यातून वायूचे बुडबुडे निघाले, त्यांची ही छिद्रे.

आता साम्य नुसते दिसण्यापुरते आहे की खरे नाते आहे? नाते आहे, आणि तेही मोठे नवलाचे. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खोलवरून अतितप्त खडक सतत वर येत राहतो. अशा जागेला तप्तस्थान म्हणतात. भूकवचाचे पट्ट मात्र तिच्यावरून हळूहळू सरकत असतात. मेणबत्तीच्या ज्योतीवरून पुठ्ठा सावकाश सरकवला तर त्यावर काजळीच्या डागांची रांग उमटेल, तसेच सरकत्या पट्टावर ज्वालामुखींची रांग उमटते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत अशा एका तप्तस्थानावर होता, तेव्हा दख्खनचे लाव्हाचे थर पसरले. पुढे भारताचा पट्ट उत्तरेकडे निघून गेला. जाताना मागे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस बेटांखाली असलेली समुद्रतळावरची लांब रांग ठेवत गेला. नंतर त्या तप्तस्थानावर दुसरा, म्हणजे आफ्रिकेचा, पट्ट आला आणि त्यावर सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस बेट पाण्याबाहेर येऊ लागले. आज ते तप्तस्थान शेजारच्या रेयुनियाँ बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून वरचेवर जागा होतो.

म्हणजे सह्याद्री थोरला, मॉरिशस मधला आणि रेयुनियाँ धाकटा. वयाचा पुरावा उंचीतही सापडतो. रेयुनियाँचे शिखर तीन हजार मीटरांहून उंच, तर मॉरिशसचे सर्वांत उंच शिखर अवघे ८२८ मीटर. मॉरिशसचा ज्वालामुखी झिजून, खचून गेला आहे. त्याच्या कडेचे तुटके सुळके तेवढे उभे आहेत.

शिक्षकांसाठी एक टीप. २०१७ मध्ये इथल्या ज्वालामुखी खडकात झिरकॉन या खनिजाचे सुमारे तीन अब्ज वर्षे वयाचे सूक्ष्म कण सापडल्याचे प्रसिद्ध झाले. बेट नव्वद लाख वर्षांचे आणि त्यातला कण तीन अब्ज वर्षांचा, हे कसे? बेटाखाली एखाद्या जुन्या भूखंडाचा तुकडा गाडला गेला असावा आणि लाव्हाने वर येताना त्यातले कण उचलून आणले असावेत, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

पहिली सहल : आग्नेय किनारा

सकाळी लवकर ब्लू बे या उपसागरावर जा. इथे सागरी उद्यान आहे आणि २००८ पासून रामसर करारानुसार ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्रही आहे.

किनाऱ्यावर उभे राहून समोर पहा. दूरवर पांढऱ्या फेसाची एक रेघ दिसते. लाटा तिथे फुटतात. तिच्या अलीकडचे पाणी तळ्यासारखे शांत. ही रेघ म्हणजे प्रवाळभित्ती, आणि अलीकडचे उथळ पाणी म्हणजे तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातले खारकच्छ. काही मोजक्या जागा सोडल्या तर या भित्तीने जवळजवळ सगळ्या बेटाला वेढा घातला आहे. अशा भित्ती लाटांची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा बाहेरच्या बाहेर शोषून घेतात, असे निरनिराळ्या समुद्रांतल्या मोजमापांवरून दिसून आले आहे.

आता चिमूटभर वाळू तळहातावर घ्या आणि भिंगातून पहा. पांढरे, गुलाबीसर तुकडे दिसतील; मधूनच एखादा काळा कण. वाळू बशीत ठेवून त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. पांढरे कण फसफसतील, काळे ढिम्म राहतील. पांढरे कण कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा. काळे कण बेसाल्टचे. बेट ज्वालामुखीचे खरे, पण हा पांढरा किनारा जिवंत प्राण्यांनी केला आहे! कोकणातल्या वाळूवर हाच प्रयोग करून पहा आणि तुमच्या गावच्या वाळूत शिंपल्यांचा वाटा किती, याचा अंदाज बांधा.

इथल्या खारकच्छातून पूर्वी बांधकामासाठी वाळू उपसत असत. २००१ मध्ये त्यावर बंदी आली. भित्तीने वाळू तयार करायची शेकडो वर्षांत आणि आपण ती उपसायची एका दिवसात, हा हिशेब जुळणारा नव्हताच.

ज्यांनी ही भित्ती बांधली ते प्रवाळ आता जवळून पाहू. काचेच्या तळाच्या होड्या मिळतात. पोहता येणाऱ्यांना श्वासनळी आणि चष्मा लावून पाण्यावर तरंगत पाहता येते. अंगात बाह्यांचा सदरा असू द्या. पाण्यात पाठ गार राहते, त्यामुळे ती भाजत आहे हे कळत नाही. कळते ते रात्री.

प्रवाळ दिसायला दगड, पण तो प्राण्यांचा समूह आहे. एकेक प्राणी बहुधा काही मिलिमीटरांचा. स्वतःभोवती तो चुन्याची वाटी बांधतो आणि तिच्यात राहतो. त्याच्या शरीरात एकपेशीय शैवले असतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातले बरेचसे यजमानाला देतात. प्राणी त्यांना निवारा देतो. रंगही बव्हंशी या शैवलांचाच. प्रकाश लागतो म्हणून हे प्रवाळ उथळ, नितळ पाण्यातच वाढतात. समुद्र नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंश जरी काही आठवडे अधिक तापला, तरी ही भागीदारी मोडते. शैवले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. पाणी वेळेवर निवले तर सावरतो, नाही तर मरतो. १९९८, २०१६ आणि २०२४ या उष्ण वर्षांत जगभरच्या समुद्रांत असे घडले. मॉरिशसही त्यातून सुटला नाही.

मग प्रवाळावर पाय ठेवला तर काय बिघडते? हिशेब करा. गोल घुमटासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो असे धरा. मीटरभर उंचीच्या घुमटाला शंभर वर्षे लागली. वरच्या पातळ जिवंत थरावर तुमचा बूट घासला की तेवढी कातडी गेली. म्हणून उभे राहायचे ते वाळूवरच. आणि वाळूवरही बूट घालून, कारण दगडमासा तळाशी अगदी दगडासारखा पडून राहतो आणि त्याच्या पाठीवरच्या काट्यांत जहाल विष असते.

आता पाण्याच्या शांतपणाविषयी. लाटा भित्तीवरून सतत पाणी आत ओततात. ते पाणी परत जाणार कुठून? भित्तीला जागोजाग खिंडी आहेत. बहुतेक खिंडी नदीच्या मुखासमोर असतात, कारण गोडे पाणी आणि गाळ प्रवाळांना सोसत नाही आणि तिथे भित्ती वाढतच नाही. रुंद खारकच्छात शिरलेले सगळे पाणी त्या अरुंद खिंडीतून बाहेर पडते, म्हणून तिथला ओढ फार जोराचा असतो. मौज अशी, की खिंडीत लाटा फुटत नाहीत. त्यामुळे किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला तीच जागा सर्वांत शांत आणि गडद निळी दिसते, आणि नवखा पोहणारा नेमका तिकडेच जातो.

ओढ मोजायची सोपी रीत आहे. किनाऱ्याला समांतर दहा मीटर अंतर मोजा. गुडघाभर पाण्यात एक हिरवे पान सोडा आणि ते दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते पहा. वीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. शाळकरी मुलगा यापेक्षा फारसा वेगाने बराच वेळ पोहू शकत नाही! किनाऱ्याजवळ एवढा ओढ असेल तर खिंडीजवळ किती असेल? अशा दिवशी पाण्यात उतरू नका. ओढात सापडलातच, तर उलटे किनाऱ्याकडे झगडू नका; तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि ओढाला आडवे पोहून बाजूला व्हा.

भरती-ओहोटीचीही नोंद घ्या. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. इथे जेमतेम अर्धा मीटर. चंद्र तोच, सूर्य तोच. मुंबईसमोर समुद्रतळ दूरवर उथळ आहे, तिथे भरतीची लाट चढत जाते. मॉरिशस खोल समुद्रातून एकदम वर आलेले बेट. इथे तिला चढायला जागाच नाही.

बगळ्यांचे बेट

दुपारनंतर होडीने ईल ओ एग्रेत या बेटावर जा. मॉरिशसमधली बरीचशी नावे फ्रेंच आहेत, कारण १७१५ पासून १८१० पर्यंत इथे फ्रेंचांचा अंमल होता. ईल ओ एग्रेत म्हणजे बगळ्यांचे बेट. ते किनाऱ्यापासून किलोमीटरभरही दूर नाही. क्षेत्रफळ सुमारे २६ हेक्टर. मार्गदर्शकाबरोबरच फिरावे लागते आणि पायवाट सोडता येत नाही. इथला खडक काळा नाही, पांढरट आहे. व्हिनेगरचा थेंब टाकण्याआधीच उत्तर सांगा.

हे बेट पाहायचे ते जुन्या रानासाठी. डच लोक १५९८ मध्ये मॉरिशसला उतरले तेव्हा बेटावर माणूस नव्हता. शंभर वर्षांच्या आत डोडो हा न उडणारा पक्षी नाहीसा झाला. माणसांनी मारून खाल्ला ही अर्धीच गोष्ट. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी जमिनीवरची घरटी लुटली. इथली महाकाय कासवेही संपली. आज मॉरिशसवर चांगल्या स्थितीतले मूळ रान दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे.

ईल ओ एग्रेतवर ते पुन्हा उभे करण्याचे काम चालू आहे. इथे एबनीची झाडे दिसतील. हे आपल्या तेंदूचेच भाऊबंद. त्यांच्या बिया पूर्वी कासवे फळांबरोबर खाऊन दूर टाकीत. ती कासवे राहिली नाहीत, म्हणून सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाची महाकाय कासवे आणून सोडली. ती फळे खातात, चालत जातात, आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया चांगल्या रुजतात असे आढळले आहे. वाटेत गुलाबी कबूतरही भेटेल. १९९० च्या सुमारास रानात अशी दहाच कबुतरे उरली होती. आज काहीशे आहेत.

बियांवरून एक प्रसिद्ध प्रयोग आठवतो. १९७७ मध्ये स्टॅन्ली टेंपल या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे मांडले, की तांबालाकोक नावाच्या इथल्या झाडाची बी डोडोच्या पोटात घासल्याशिवाय रुजत नसावी. डोडो गेला म्हणून झाडही चालले. त्यांनी टर्कींना १७ बिया खाऊ घातल्या. ७ फुटल्या; उरलेल्या १० पेरल्यावर ३ रुजल्या. गोष्ट इतकी सुंदर, की ती पुष्कळ पुस्तकांत गेली. पण या प्रयोगात काय राहून गेले, ते वाचन थांबवून सांगा पाहू. न घासलेल्या बिया शेजारी पेरून पाहिल्याच नव्हत्या! पुढे इतरांनी दाखवले, की बी न घासताही रुजते आणि डोडो गेल्यानंतर उगवलेली झाडेही आहेत.

याच पाण्यात २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो हे मोठे मालवाहू जहाज भित्तीवर चढले. ६ ऑगस्टपासून त्यातून सुमारे हजार टन इंधनतेल खारकच्छात सांडले. हजारो लोकांनी उसाची वाळलेली पाचट कापडात भरली, तिचे लांब तरंगते बांध केले आणि तेल अडवले. ईल ओ एग्रेतवरचे काही प्राणी आणि रोपे तातडीने हलवावी लागली.

परतताना वेळ असेल तर दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री-ग्री या जागी थांबा. इथे भित्ती नाही. समुद्राच्या लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात, जमीन हादरल्यासारखी वाटते, आणि पांढऱ्या वाळूचा पट्टाही अरुंद. सकाळच्या शांत पाण्याशी तुलना करा. इथे पोहायचे नाही.

दुसरी सहल : पठार आणि पश्चिम

निघताना किनाऱ्यावर सावलीत तापमान मोजा आणि मग क्युरपीप गावी चढा. गाव साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहे. तापमापक तीन-चार अंश उतरलेला दिसेल. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या नियमाशी ताडून पहा. गावालगत त्रू ओ सेर हे ज्वालामुखीचे विवर आहे; तीनशे मीटरांहून रुंद, आतून झाडीने भरलेले, तळाशी थोडे पाणी. कडेने चालत फेरी मारा आणि पावले मोजा. परिघावरून व्यास काढता येतो, हे सांगायला नको.

तिथून ग्रां बासें, म्हणजेच गंगा तलाव. हेही विवरातलेच तळे. महाशिवरात्रीला लाखो भाविक इथे चालत येतात.

वर पाऊस लागण्याची शक्यता पुष्कळ. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पठारावर चढतात, गार होतात आणि पाऊस पाडतात. पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत, तर पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्या आत. आपल्याकडे महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जे दिसते तेच हे, फक्त वाऱ्याची दिशा वेगळी.

पश्चिमेला उतरताना शामारेलची रंगीत माती लागते. लाल, तपकिरी, जांभळट, पिवळी अशी उघडी टेकाडे, त्यांवर गवताची काडी नाही. ही मूळची बेसाल्टच. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांनी त्यातले विरघळणारे क्षार धुऊन नेले. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. लोहामुळे लाल छटा आल्या. कोकणातला जांभा असाच तयार होतो, म्हणून कोकणातल्या मुलांना इथे फार परके वाटणार नाही. कठड्याआडूनच पाहायचे, अशा भुसभुशीत मातीवर एक पाऊलही ओघळ पाडते.

मध्यान्हीला मोकळ्या जागी काठी उभी रोवा आणि सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा तिची लांबी आणि दिशा वहीत लिहा. घड्याळाचे बारा धरू नका.

सायंकाळी ल मॉर्न या ५५६ मीटर उंच कड्याच्या पायथ्याशी या. गुलामीतून पळालेली माणसे इथल्या कपारींत लपून राहत. त्या आठवणीसाठी २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. विमानातून याच्यासमोर समुद्राखाली धबधबा पडताना दिसतो, त्याची चित्रे तुम्ही पाहिली असतील. धबधबा नाहीच. उथळ तळ जिथे एकदम खोल होतो तिथे वाळू आणि गाळ उतारावरून सरकतात, आणि पाण्याचा रंग फिका होता तो गडद होतो. डोळा त्याचा धबधबा करतो.

अंधार पडल्यावर ध्रुवतारा शोधू नका, तो क्षितिजाखाली आहे. त्याऐवजी दक्षिणेकडे त्रिशंकू पहा. तो कोकणातूनही दिसतो. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास, अगदी क्षितिजालगत.

आता दुपारची नोंद काढा. २१ जूनला गेला असाल तर मीटरभर काठीची सावली सुमारे ९६ सेंटिमीटर आणि दक्षिणेकडे पडलेली असेल. मुंबईच्या शाळेत तीच काठी २२ डिसेंबरला रोवा. सावली उत्तरेकडे पडेल, आणि सुमारे ९१ सेंटिमीटर भरेल. पाच सेंटिमीटर कुठे गेले, ते नकाशावर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश पाहून सांगा.